तुणतुण्याची ढिली तार

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं, पण कुरुंद्याच्या शिवारात सकाळवर राज्य माझ्या तुणतुण्याचं. मी तार छेडली की पार शेजारच्या हट्टा गावचे कोंबडे आरवणं सोडून द्यायचे; म्हणायचे, आता आपलं काय काम? खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा. कातडं मढवलेला लाकडी डबा, एक काठी, एक तार. एवढ्यावर मी सूर्य उगवून दाखवायचो. तोंड धुतलं की ओसरीच्या कडेला बसायचं आणि वाजवायचं. समोर बायको म्हशीची धार काढायची. मागं आढ्याला टांगलेल्या झोळीत आमची तान्ही पोरगी पाय झाडत हसायची.

"पाहा, माझ्या वाजवण्यानं म्हैस पान्हवली!"

"आवं, पेंडीनं पान्हवली ती."

"मंग पोरगी काहून हसून राहिली?"

"तुमचं तोंड बघून."

बायकोच्या जिभेपुढं माझी तार बोथट. कानही तसेच तिखट. तार केसभर उतरली की धार काढता काढता ओरडायची, "पिळा ती खुंटी! दात आंबले माझे."

त्याच वर्षी पोरगी तापानं गेली. अजून दातही आले नव्हते तिला.

सुतक पडलं की तार ढिली करून तुणतुणं भिंतीला उलटं टांगायचं, ही आमच्या घरची रीत. मी टांगलं. बिनदाताच्या लेकराचं सुतक लवकर फिटतं. फिटलं तशी माझी म्हातारी आई म्हणाली, "तार वढ बाबा आता. घर मुकं झालंय."

घर कसलं, बायको मुकी झाली होती. धार काढायची, भाकरी थापायची, पण शब्द नाही. झोळीही सोडू देईना. मी थापांचं पोतं रिकामं केलं. जवळा बाजार गावात एका बोकडानं व्यापाऱ्याचा फेटा खाल्ला आणि वर पाणी मागितलं, असं शपथेवर सांगितलं. एरवी ती म्हणाली असती, 'तुमच्याच घराण्यातला आसंल.' आता तिनं मान वर केली नाही.

मग मी एक डाव टाकला. तुणतुणं खाली काढलं, तार ओढलीच नाही, आणि तसंच वाजवायला बसलो. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. म्हशीनं वळून पाहिलं. ही थाप नव्हे. आई म्हणाली, "आरं, तार वढायची भूल पडली का?" मी डोळ्यानं तिला गप्प केलं. रोज तसंच वाजवत राहिलो. दुःखानं गडी येडा झाला, असं शेजारी म्हणू लागले. तेही अगदीच खोटं नव्हतं.

एका सकाळी धारेचा आवाज मध्येच थांबला. चरवी तिथंच टाकून बायको माझ्यासमोर आली.

"बास करा! असलं ऐकून हसली व्हती का कधी माझी पोरगी?"

आणि खांबाला धरून खाली बसली. ती कशी रडली, त्यात मी पदरचं काही घालत नाही. घालायला जागाच नाही.

बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसून म्हणाली, "वढा तार."

मी खुंटी पिळली.

"आजून. हां. आता बराबर."

तार लागली, पण माझा हात उचलेना. ती उठून माझ्या मागं गेली. झोळीची दोरी करकरली. ती रिकामी झोळी हलवत होती, पूर्वीसारखीच, हळूहळू.

"वाजवा ना."

मी वाजवलं. मागं वळून पाहायची छाती झाली नाही. समोर म्हशीची अर्धी राहिलेली धार रेडकू पिऊन राहिलं होतं. बायकोनं त्याला हटकलं नाही.