मी बोटीत जाऊन बसले नाही

कॉलेजची सहल धरणावर जाणार आहे, तिथून बोटीनं पलीकडच्या काठावर उतरून उत्तरेकडून आलेले पक्षी पाहायचे आहेत, हे मी घरी सांगितलं तेव्हा मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, जेवत होते. त्यांनी चावणं थांबवलं.

"पाखरं पाहाले? बोटीत बसून?"

मी हो म्हटलं.

"मंग आपल्या वावरात काय हत्ती येतात काय वं?"

माय हसली, बाबाही हसले. मलाही हसू आलं, कारण बोलणं खरंच होतं. आमच्या घरी पाखरू ही हाकलायची गोष्ट होती. घरच्यापुरती ज्वारी पेरायचो. दाणा भरला की चार लाकडांवर बांधलेल्या माळ्यावर मी आणि माय दिवस दिवस राखण करायचो. डबडं वाजवायचं, आणि थवा खाली वळला की लगेच ओरडायचं. तो बसल्यावर ओरडून उपयोग नसतो. मायनंच मला ओरडायला शिकवलं होतं. गळ्यातून नको, पोटातून काढ, म्हणायची.

पण मोठेबाबा नुसते थट्टा करत नव्हते. तुरीची सोंगणी चालू होती, कापायला प्रत्येकाच्या वाट्याला ओळींची एक पात होती आणि एक माणूस कमी होणार होतं. आमच्या घरातलं कॉलेजात गेलेलं मी पहिलंच माणूस. त्यामुळे अभ्यासाचं आहे म्हटलं की कोणी उलट बोलत नाही. त्या दिवशीही मी तेच सांगितलं. ते निम्मंच खरं होतं, कारण सहलीला गुण नव्हते. मला फक्त जायचं होतं. आम्ही लग्नाला गेलो, मयताला गेलो, दवाखान्यात गेलो, कामासाठी तर बाबा आणि मोठेबाबा महिनेच्या महिने परमुलखात राहिले. पण नुसतं पाहायला म्हणून आमच्यातलं कोणी कुठं गेलेलं मला आठवत नाही. हे घरात कसं सांगावं ते मला कळलं नाही, म्हणून मी अभ्यासाचंच लावून धरलं.

शेवटी माय म्हणाली, "जाऊ द्या तिले. तिची पात मी धरीन."

वाशीमहून आमची बस अंधारातच निघाली. धरणावर मासेमारी करणाऱ्या एका मामांची इंजिनाची बोट होती. तिच्यात मी मधोमध बसले आणि फळी घट्ट धरली, कारण मला पोहता येत नाही. पलीकडच्या काठाला पाणी ओसरलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळात कोणीतरी हरभरा पेरला होता. सरांनी आम्हाला बाभळीच्या झुडपांआड ओळीनं बसवलं. हे राजहंस हिमालय ओलांडून येतात, असं ते कुजबुजत सांगत होते. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पाण्यावर खूप पक्षी होते. दुर्बिणी थोड्या होत्या, त्या ओळीत पुढं पुढं येत होत्या. माझ्याआधी रिसोडची माझी मैत्रीण होती. तिच्या वडिलांचं धान्याचं दुकान आहे. ती पाहत होती आणि मी वाट पाहत होते. तेवढ्यात राजहंसांचा एक थवा पाण्यावरून उठला, आमच्या डोक्यावरून वळला आणि हरभऱ्यावर उतरू लागला.

मला तेव्हा काय वाटलं, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. काही वाटायला वेळच नव्हता. मी ओरडले. पोटातून.

सगळं धरण उडालं. राजहंस उडाले, बदकं उडाली, लांबच्या खुंटावर पंख वाळवत बसलेले पाणकावळेसुद्धा उडाले. थोडा वेळ नुसता पंखांचाच आवाज होता. मग मागून, बोटीजवळून, मामांचा आवाज आला.

"बरं केलं पोरी. माह्या साल्याचा हरभरा हाय तो."

ते एकटेच हसले.

सर वाईट नाहीत. पक्षी आले की नाही ते पाहायला ते रविवारी स्वतःच्या मोटारसायकलवर इथं येऊन जात. त्यांचा चेहरा पाहून मला खरंच कसंतरी झालं. ते रागावून ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "हेच तर आहे. इथल्या लोकांना पक्षी म्हणजे फक्त हाकलायची गोष्ट. जा, बोटीत जाऊन बस. बाकीच्यांचं होऊ दे."

माझे पाय निघालेसुद्धा. वर्गाबाहेर जा म्हटलं की जायचं, हे अंगात मुरलेलं आहे. पण बोट जिथं बांधली होती तिथं झुडपं मध्ये येत होती. बोटीतून फक्त धरणाची भिंत दिसली असती. तिकडं वावरात माय आपली पात संपवून माझ्या पातीला लागली असेल, आणि मी इथं येऊन भिंत पाहत बसणार. मी थांबले.

मैत्रीण जवळ येऊन हळूच म्हणाली, "सॉरी म्हणून टाक ना वं. सॉरी म्हटलं की झालं."

सॉरी माझ्या ओठावरच असतं. कॉलेजच्या ऑफिसात खिडकीपाशी गेले की मी आधी सॉरी म्हणते, एसटीत कंडक्टरला म्हणते, वाचनालयात म्हणते. त्या दिवशी मात्र ते बाहेर येईना. मी परत फिरले.

"पक्षी उडाले याचं वाईट वाटतं सर. पण ओरडले याची माफी नाही मागणार. त्या ओरडण्यावर आमची भाकर होती. हाकलणं मले येते. पाहाणं शिकाले आली मी इथं. बोटीत बसून ते कसं शिकू?"

वर्गात मी माझी बोली जपून, लपवून बोलते. तिथं ती मध्येच निसटली, आणि मी ती सुधारली नाही.

सर म्हणाले, मग सगळ्यांच्या मागं उभी राहा.

"मागून दिसत नाही सर."

हे उद्धटपणानं म्हटलेलं नव्हतं. मी बुटकी आहे आणि पुढं सगळी उंच मुलं होती. सरांनी तिपाईवरची स्वतःची मोठी दुर्बीण उचलली आणि ते काठाकाठानं पुढं चालायला लागले. ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. सगळे त्यांच्यामागं गेले. मीही गेले, आणि नव्या जागी जाऊन सगळ्यांच्या पुढं ओल्या गाळात बसले. माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

पक्षी आता पार मधल्या पाण्यावर जाऊन बसले होते. नुसत्या डोळ्यांनी एक करडी रेघ दिसत होती. दुर्बिणी मागच्या मागं फिरत होत्या, माझ्यापर्यंत येत नव्हत्या. बराच वेळ मी रेघच पाहिली. मग मागं वळून मैत्रिणीपुढं हात केला.

"माझी पाळी राहिलीय."

तिनं सरांकडं एकदा पाहिलं आणि दुर्बीण दिली.

आधी नुसतं पाणी हललं. हलत होते ते माझे हात. कोपर गुडघ्यावर टेकवले तेव्हा कुठं एक डोकं सापडलं. पांढरं, मागून दोन काळे पट्टे, काजळाचं बोट दोनदा ओढावं तसे. तो पक्षी चोचीनं पंख साफ करत होता, एक एक पीस सोडवून. तो कोणाचं काही खात नव्हता आणि मला त्याला हाकलायचं नव्हतं. त्यानं दुसरा पंख उघडला. तोही मी पाहिला.

मागून कोणीतरी म्हणालं, बस झालं, पुढं दे. आणखी कोणी चुकचुकलं. मी ऐकलं, पण डोळे काढले नाहीत. त्याचं पंख साफ करणं संपलं, त्यानं मान मागं वळवून पाठीवर ठेवली, आणि मग मी दुर्बीण मागं दिली.