शेरूला निरोप देताना

मंडळी, आज दुपारी परळच्या दवाखान्यात आमच्या शेरूला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं. निर्णय माझाच होता.

कॅन्सर हाडांत पसरला होता, त्याला उठताही येत नव्हतं. तरी टेबलावर ठेवल्यावर माझा आवाज ऐकून त्याने शेपटी हलवली. मी डॉक्टरांना थांबवलं नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लालबागला संचारबंदी होती, तेव्हा आमचा मोत्या जिन्याखाली तडफडत गेला. मी लहान होतो, भीतीने त्याच्याजवळ गेलोच नाही. तू निदान शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतीस गं."



सुई टोचली तेव्हा मी बाहेर पॅसेजमध्ये होते. बाबांना ते सांगताच आलं नाही.

तुमच्यापैकी कुणी असं बाहेर थांबलंय का? स्वतःला माफ कसं केलंत?