देवाचे डोळे अंदाजाने

गुणाजीला आंधळा म्हणावं, तर तो दारातली पाण्याची बादली बरोबर चुकवून जायचा. डोळस म्हणावं, तर ताटात काय वाढलंय ते बोटांनी चाचपायचा. त्याच्या बायकोनं, शकूनं, मानायचं तरी काय? बिचारी पार कावली होती.

कासूकडच्या मिठागरातल्या घरचा हा गडी तरुणपणी पेणला गणपतीच्या कारखान्यात आला आणि आखणीला बसला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात मानाचं काम. अंगाला रंग कुणीही द्या, डोळे गुणाजीनंच आखावेत, म्हणून गिऱ्हाईक अडून बसायचं. सत्त्याण्णव सालच्या शिमग्यात त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय वाचले, वाचा वाचली, नजर तेवढी गेली. आता श्रावण तोंडावर आला, कारखान्यात बिनडोळ्यांचे गणपती रांगेनं बसून राहिले, आणि मालकानं सांगून टाकलं, गुणाजी बसत नसेल तर रोह्याचा माणूस ठेवतो, कायमचा.

"बादली दिसते आन् गणपती दिसत नाय व्हय? सोंगं पुरे करा!" शकू करवादायची.

"बादली कुठं होती गो?" तो भाबडेपणानं विचारायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी तिनं त्याला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाईंनी त्याच्यासमोर पट्टी धरली. "उभी की आडवी?"

"दिसत नाय म्हंतोय ना!"

"मग उगीच काहीतरी सांगा."

तो चिडून अंदाज ठोकत गेला आणि जवळपास प्रत्येक उत्तर बरोबर निघालं. शकूनं कपाळावर हात मारला. "बघा बाई, कसा लबाड हाय!"

"लबाड नाहीत हो. मेंदूतल्या काही पेशी गप्प वाटतात, पण गप्प म्हणजे रिकामटेकड्या नव्हेत. त्यांना दिसतं, त्या यांचा पाय बाजूला घेतात, फक्त यांना काही कळवत नाहीत."

शकूला यातलं निम्मंच पटलं. तेवढ्यावर तिनं दुसऱ्या दिवशी त्याला कारखान्यात मूर्तीपुढं बसवलं आणि हातात ब्रश कोंबला. "सांगा तुमच्या त्या मुक्या पेशींना. आखा अंदाजानं."

गुणाजीनं ब्रश खाली ठेवला. "देवाचं डोळं अंदाजानं आखू? मालकाला म्हनावं, बोलवा त्या रोह्याच्या माणसाला."

संपलं! उभ्या जन्माचं नाव असं एका वाक्यात घालवलं या हेकट माणसानं. त्याच्या अंगावर ओरडायला शकू पुढं झाली. त्याच्यासमोर ती नुसती उभी राहिली आणि डोळे भरून आले.

"रडू नको गो," गुणाजी म्हणाला.

ती दचकली. हुंदका नव्हता, नाक ओढलं नव्हतं. "तुमाला कसं कळलं?"

"काय म्हाईत. वाटलं आपलं."

शकू हळूच म्हणाली, "मंग इतकं महिनं मी तुमच्याकडं बघून तोंड वाकडं करायची..."

"त्ये बी वाटायचं," गुणाजी म्हणाला. "रोज."