गोलाच्या जाळीतलं भोक

मंडळी, आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायला बसलो आणि पेन गळालं. खरं तर राष्ट्रीय दुखवटाच जाहीर व्हायला हवा होता.

डागाळलेला कागद घेऊन दामूकाकांकडे गेलो. मासेमारीच्या जुन्या जाळ्यांतून गोलाची जाळी तेच विणायचे. केळवे गावाच्या संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात आमचा चेंडू जाळीतल्या भोकातून आरपार गेला आणि पंचांनी गोल धरला नाही. खापर काकांवर फुटलं. ते पुन्हा कधी मैदानात आले नाहीत.

"माज्याबद्दल काय लिवलंस रं?"

"काका, सामन्याआधी माझ्या बुटाची नाडी तुटली, म्हणून जाळीतली दोरी मीच कापली होती."

त्यांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. मग म्हणाले, "म्हंजे माजी गाठ सुटली नव्हती?"

"नाही, काका."

घरी येऊन इतिहासाच्या पहिल्याच ओळीत ते लिहिलं. खाली सही केली.