चीक हाटताना बोलू नये

आमच्या घरी विज्ञान शाळेतून आलं नाही, देव पोत्यातून गेले तेव्हा आलं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले सगळे देव पोत्यात भरून नदीला सोडले. तेव्हापासून कशालाही ‘कारण काय?’ असं विचारणं हीच आमची रीत. मांजर आडवं गेलं की वडील थांबतात, पण त्याला रस्ता ओलांडता यावा म्हणून थांबलो, असं मोठ्यानं सांगतातही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यावर बाका प्रसंग आला. हर्सूलला आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी वंदनेनंतर त्यांचं भाषण होतं. विषय त्यांचाच, ‘आमच्या घरात एकही अंधश्रद्धा नाही’. नेमक्या त्याच आठवड्यात आईनं कुरडयांचा घाट घातला. भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक ती उकळत्या पाण्यात ओतून हाटते, म्हणजे हात न थांबवता घोटते, तेव्हा स्वयंपाकघरात कुणी तोंड उघडायचं नाही. बोललं की चीक रुसतो, गुठळ्या होतात. हा नियम तिला सासूनं दिलेला. वडील नोकरीत होते तोवर त्यांना तो कधी दिसलाच नाही. निवृत्त झाले आणि दिसला.

“म्हंजे रविवारी मी लोकांपुढं खोटं बोलू?” ते हादरलेच.

“खरं बोला. पन इथं बोलू नका,” आई म्हणाली.

मग प्रयोग ठरला. एक पातेलं गप्प बसून, दुसरं बोलत. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून मला पंच केलं. मला खरं तर वाटीभर गरम चीक खाऊन झोपायचं होतं. दोन्ही पाणी सारखंच तापलंय का हे बघायला वडिलांनी कोविडच्या काळातलं, कपाळावर धरायचं यंत्र आणलं. वाफेसमोर धरताच ते लाल होऊन किंचाळायला लागलं. आईनं ते दाराबाहेर ठेवायला लावलं.

गप्प पातेलं लोण्यासारखं उतरलं. दुसऱ्याच्या वेळी वडील ओट्याला टेकून रविवारच्या भाषणाचा सराव करायला लागले. “बंधू-भगिनींनो, अंधश्रद्धा ही मुख्यतः स्त्रियांमुळं टिकते...”

“काय म्हनले?” आई वळली. “अन् गाडी घेतली तव्हा लिंबू कुणी आनलं होतं?”

“ते सरबताला!”

पातेल्यात टपोऱ्या गुठळ्या झाल्या होत्या. वडिलांचा चेहरा उतरला. त्यांच्याच प्रयोगात अंधश्रद्धा पास झाली होती आणि रविवार परवावर आला होता. मला हसू आवरत नव्हतं आणि त्यांची कीवही येत होती.

“पप्पा, आई उत्तर द्यायला वळली की हात थांबतो,” मी म्हणाले. “पुन्हा करू. तुम्ही बोला, तिनं उत्तर द्यायचं नाही.”

“ते मला जमायचं नाय,” आई म्हणाली.

तेवढ्यात गच्चीवरून आत्या खाली आली. वडिलांची ही थोरली बहीण कुरडया घालायला सोयगावहून आली होती, आणि पुढचा चीक का येत नाही ते बघायला उतरली होती. सगळं ऐकून ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

“अरे लेका, ह्यो नियम आपल्या आईनं तुझ्यापायीच काढला! चुलीपाशी बसून एकसारखा इचारायचास. बुडबुडा का येतो? धूर वरच का जातो? आई बिचारी उत्तर द्यायला बघायची अन् चीक बिघडायचा. शेवटी म्हनली, बोललं की चीक रुसतो. तव्हा कुठं तू गप बसलास.”

वडील आत्याच्या मागोमाग गच्चीवर निघून गेले. पुढचं पातेलं छान उतरलं.

भाषण रद्द करतील असं मला वाटलं होतं. रविवारी ते उभे राहिले आणि म्हणाले, “आमच्या घरात एक अंधश्रद्धा सापडली. तिचं कारणही सापडलं. ते तुमच्यापुढं उभं आहे.” मग चुलीपासून सगळं सांगितलं, लिंबू सोडून. विहार हसून हसून लोटपोट झाला. मला त्या दिवशी वडिलांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता.

“मग काका, नियम मोडला का आता?” मागून कुणीतरी विचारलं.

वडिलांनी बायकांच्या रांगेकडं पाहिलं.

“मोडायचा कसा?” आई बसल्या जागेवरून म्हणाली. “कारन अजून घरातच हाय की!”