शेगडीशेजारच्या बरण्या

आमचे हे नोकरीला सोन्याच्या खाणीत, आणि माझ्या गळ्यात फुटका मणी नाही. ह्यांच्या वाट्याला येतो तो सोनं काढून उरलेला चिखल. तो ज्या टाक्यांत निवळायचा, त्यांची मापं हे ठरवतात. गाळ तळाशी बसला की वरचं पाणी कारखान्यात परत जातं. टाकी लहान पडली तर गढूळच पाणी काठावरून खालच्या ओढ्यात वाहतं. तिथं लोक घागरी भरतात.

गाळ बसायला किती वेळ लागतो, ते उंच काचेच्या बरण्यांत बघायचं असतं. कारखान्यात यंत्रांनी जमीन हादरते, म्हणून बरण्या आल्या माझ्या शेगडीशेजारच्या फळीवर. पीठ-मीठ जमिनीवर आणि चिखल वर, असा आमचा संसार. मी मूग गिळून बसले, कारण हे काम झालं की ह्यांना बढती आणि आम्हाला तीन खोल्यांचं घर मिळणार होतं.

टाकीचा नकाशा मंजूर झाला, तरी बरण्या काही हलेनात. एके सकाळी कढई उतरवताना कोपर लागलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्या उचलून गच्चीत थंडीत नेऊन ठेवल्या, तेव्हा हिंदकळून तळाचा गाळ वर आला.

संध्याकाळी हे आले तरी पाणी गढूळच. फळीवर असतं तर दुपारीच निवळलं असतं. ह्यांनी काचेला हात लावला आणि उंबऱ्यावर बसले.

"अगं, खाण डोंगरावर, तिथं कायम गारठा. गार पाण्यात गाळ हळू बसतो, हे मला ठाऊक आहे. आणि मी मापं घेतली तुझ्या शेगडीच्या उबेत. टाकी लहान पडणार."

"कुणाच्या लक्षात येईल?" मी विचारलं. डोळ्यांपुढे तीन खोल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

"ओढा गढूळ झाल्यावर येईल. आता साहेबांना सांगितलं, तर बढती गेलीच समज."

मला राग आला, ह्यांचा, साहेबांचा, त्या चिखलाचा. पण लग्नाआधी मीही ओढ्याचंच पाणी भरलंय, फडक्यातून गाळून गाळून.

"जा, आत्ताच सांगून या," मी म्हटलं. "सकाळपर्यंत तुमचा धीर टिकायचा नाही. आणि माझाही."

बढती दुसऱ्याला मिळाली. टाकी मात्र मोठी झाली. मी बघून आले, काठावरून कारखान्याच्या पाटात निवळशंख पाणी पडत होतं.

घर अजून तेच आहे. नव्या टाकीचं काम आलंय, आणि बरण्या गच्चीत आहेत. हे तिथं कुडकुडत बसतात. मी आत या म्हणत नाही. एक शाल दोघांना पुरते.