बोट लावलेली घटका

घड्याळ पडले ते सोवळ्यामुळे. हे मी वडिलांसमोर कधी म्हटले नाही, पण लिहायला बसलो आहे तर खरे तेच लिहितो.

आमच्या वाड्याच्या मालकांना संगमावरच्या इंग्रज वकिलाकडून, म्हणजे कंपनीने दरबारी ठेवलेल्या माणसाकडून, ते भेट मिळाले होते. मुठीत मावेल एवढे, सोन्याचे पाणी दिलेले, कातड्याच्या पिशवीत राहणारे. ते सांभाळायचे काम माझ्या वडिलांकडे आले, कारण वाड्यातली वेळ आधीपासून त्यांच्याचकडे होती. वडिलांचे वडील आणि त्यांचेही वडील हेच करत आले. पहाटे स्नान करायचे, सोवळे नेसून अंगणात बसायचे, आणि सूर्याचे बिंब अर्धे वर आले की पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची पातळ वाटी सोडायची. वाटीच्या तळाला बारीक भोक. त्यातून पाणी हळूहळू आत चढते, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की एक घटका झाली. मग शेजारी टांगलेल्या काशाच्या थाळीवर टोला द्यायचा आणि वाटी उचलून पुन्हा पाण्यावर सोडायची. दुपारनंतर मी बसत असे, रात्रीला दुसरा माणूस होता. आमच्या टोल्यावर अख्खी पेठ चाले. कुणाचे लग्न, कुणाचे श्राद्ध, कुणाच्या बाळंतिणीचे मूल कोणत्या घटकेला जन्मले, सगळे त्या थाळीला विचारून ठरत होते. या कामापोटी आम्हाला मागच्या चौकातल्या दोन खोल्या होत्या आणि वाड्यातून शिधा येत होता. काम गेले तर दोन्ही जाणार, हे घरात सगळ्यांना पाठ होते.

घड्याळाला मालकांनी वेगळेच काम लावले होते. बैठकीत पाहुणे असले की ते टोल्याची वाट पाहत. टोला पडला की घड्याळ उघडून सगळ्यांपुढे धरत. "पाहा. आमचं तांब्याचं अन् त्यांचं सोन्याचं, दोन्ही एकच बोलतात की नाही?" पाहुणे माना डोलावत. ते एकच बोलावे म्हणून वडील रोज सूर्योदयाला घड्याळाला किल्ली देत आणि काटे ठरल्या जागी आणून ठेवत.

आता सोवळ्यात असताना कातडे कसे शिवणार? वडिलांनी तोड काढली होती. ओल्या उपरण्याचा पदर हातावर घ्यायचा आणि घड्याळ त्या पदरातूनच धरायचे. रेशमी उपरणे, त्यात ओले. एका सकाळी घड्याळ पदरातून निसटले आणि अंगणातल्या फरशीवर आपटले. आवाज फार मोठा नव्हता. वडिलांनी आधी वाटी सोडली, मग वाकून घड्याळ उचलले, आणि उचलले ते उघड्या हाताने. काटे हलत नव्हते.

मालक तेव्हा गावच्या देवाला गेले होते. ते परतायच्या आत घड्याळ चालू व्हायला हवे होते. पुण्यात घड्याळ दुरुस्त करणारा माणूस आम्हाला ठाऊक नव्हता. शुक्रवारात एक मुसलमान कारागीर होते, बंदुकीचे चाप दुरुस्त करणारे. त्यांचे कुटुंब पेठ वसली तेव्हापासूनचे. वडील त्यांना उस्ताद म्हणत. मी घड्याळ कमरेला खोचून त्यांच्याकडे नेले. वडील मागून आले.

उस्तादांनी भिंग लावले आणि झाकण उघडून आत पाहिले.

"बुवा, या आधी कधी असलं उघडलंय का मी, असं विचारणार नाही तुम्ही?"

"उघडलंय का?"

"एकदा. ते चाललं नाही."

"मग हे?"

"हे चालावं अशी तुमची इच्छा दिसते."

आत केसासारखी बारीक कमान गुंडाळलेली होती. तिचे टोक पडण्याने मुरडले होते आणि चाकात अडकले होते. उस्तादांनी ते सरळ करायचा प्रयत्न केला. टोक तुटून त्यांच्या नखावर आले. उरलेली कमान पुढे ओढून त्यांनी जागेवर अडकवली, आणि घड्याळ पुन्हा टिकटिक करू लागले. वडिलांनी हात जोडले.

"हात जोडू नका," उस्ताद म्हणाले. "कमान आखूड झाली. चाक आता घाईत आहे. तुम्हाला ते चालायला हवं होतं, चालतंय. बरोबर चालेल असं मी म्हटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी आम्हाला ते कळले. सकाळी जुळवलेले घड्याळ दुपारच्या आधीच टोल्याच्या पुढे गेले. वडिलांनी उस्तादांना पुन्हा विचारले. तुटलेली कमान वाढवता येत नाही, एवढेच उत्तर आले. आणि त्या संध्याकाळी मालक परतले.

माझे वाढणे कागदांवर झाले आहे. माझे मामा दरबारी बातमीपत्रांच्या नकला करत. कुणी काय लाटले, कोणत्या ठाण्यावर कुणी खोटा हिशेब दिला, हे मी परवचा म्हणायच्या वयात वाचत होतो. खोटे दिसले की ते कागदावर चढवायचे, एवढाच धर्म मला कळला होता. म्हणून मी जे पुढे पाहिले ते मला सोसले नाही.

मालक परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या आधी, बैठकीत पाहुणे होते. मालक घड्याळ घेऊन बसले होते. वडील अंगणात घंगाळापाशी होते आणि वाटी अजून अर्धीही भरली नव्हती. त्यांनी बैठकीकडे एकदा पाहिले. मग उजव्या हाताचे बोट वाटीच्या काठावर ठेवले आणि दाबले. वाटी बुडाली. टोला पडला. आतून मालकांचा आवाज आला, "पाहा!"

त्या दिवसापासून बोट रोज लागत गेले. थोडे थोडे, प्रत्येक घटकेला.

"बाबा, तुम्ही वाटी बुडवता."

"आवाज खाली."

"पेठेतली माणसं याच टोल्यावर जेवतात, पितरांना पाणी देतात. तुम्ही सगळ्यांना फसवताय."

"सगळ्यांना सारखंच फसवतोय. कुणाचं काही अडलं का?"

"खरं सांगून टाका मालकांना. पडलं म्हणावं."

"आणि रात्री कुठे निजायचं? तुझ्या मामाच्या कागदांवर?"

मी गप्प बसलो नाही. रोज तेच बोललो. माझी पाळी आली की मी बोट लावत नसे; मग पुढच्या टोल्याला वडील येऊन माझ्या हातातून थाळीची काठी काढून घेत. आई दोघांना जेवायला वाढताना कुणाकडेच पाहत नसे.

मग मालकांच्या नातवाची मुंज ठरली. मालकांनी वडिलांना बोलावले. "मुहूर्त या खेपेला घड्याळावर धरायचा, बुवा. संगमावरची मंडळी यायची आहेत. तुम्ही टोला तेवढा बरोबर द्या, म्हणजे झालं."

वडील खोलीत येऊन भिंतीशी बसले. पेठेच्या जेवणाची वेळ चुकवणे त्यांनी पचवले होते. पण पोराच्या कानात गायत्री जायची ती चुकलेल्या घटकेला, आणि ती चुकवणारे बोट आपले, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. पहाटे स्नानाला जाताना ते मला एवढेच म्हणाले, "आज बोट नाही."

मला आनंद झाला. मला वाटले, आता खरे उभे राहील आणि सगळे बघतील.

मंडप भरला होता. अंतरपाट धरला होता, मंगलाष्टके चालू होती. वडील घंगाळापाशी बसले होते, दोन्ही हात मांडीवर. मालकांनी घड्याळ पाहिले आणि वडिलांकडे पाहिले.

"टोला, बुवा."

"वाटी बुडायची आहे, सरकार."

"घड्याळात भरली."

"पाण्यात भरली नाही."

मंगलाष्टके थांबली. मी पुढे होऊन मोठ्याने म्हणालो, "घड्याळ बिघडलंय. ते पडलं होतं."

"कुणाच्या हातून?" मालकांनी विचारले.

"माझ्या," वडील म्हणाले. त्यांनी उठून सगळे सांगितले: ओले उपरणे, उस्ताद, आखूड कमान, बोट. काही लपवले नाही. मी वाट पाहत होतो.

मालक हसले. त्यांच्या शेजारी बसलेल्या साहेबाने, काय चालले आहे म्हणून दुभाष्याकडे पाहिले. त्या साहेबासमोर त्याच्या वकिलाची भेट मोडकी निघणे मालकांना परवडणारे नव्हते. "बुवांचं भांडं म्हातारं झालं," ते मंडपाला उद्देशून म्हणाले, "आणि दोष घड्याळावर ढकलतायत. रोज मी जुळवून पाहतो, चार मंडळी साक्षीला असतात. रोज जुळतं."

लोक हसले. त्यातल्या पुष्कळांनी ते रोज जुळताना खरेच पाहिले होते.

उपाध्यायांनी मालकांच्या तोंडाकडे पाहिले आणि "सावधान" म्हटले. अंतरपाट ओढला गेला. अक्षता उडाल्या, काही घंगाळात पडल्या. वाटी त्यांच्यामध्ये अजून तरंगत होती. पुढे पाने मांडायची गडबड सुरू झाली, तेव्हा केव्हातरी ती बुडाली. वडिलांनी टोला दिला. एका वाढप्याने तेवढे मागे वळून पाहिले.

खोल्या आम्ही त्याच आठवड्यात सोडल्या. नारायण पेठेत नदीच्या बाजूला एक खोली मिळाली. मी झालेली हकिगत लिहून काढली, तिच्या नकला केल्या आणि देवळांच्या पारांवर ठेवून आलो. त्यातला एक कागद पुढे वाण्याकडून हिंगाची पुडी होऊन आमच्याच घरी आला. आईने हिंग काढून घेतले आणि कागद चुलीत घातला.

उस्ताद एकदा रस्त्यात भेटले. "तुमच्या वाड्यातून वाटी आली होती," ते म्हणाले. "भोक मोठं करून हवं होतं. घड्याळाशी जुळायला."

"केलंत?"

"नाही म्हणून बघायला हवं होतं, असं तुमचं मत दिसतं."

मी नदीकडे चालू लागलो.

टोल्याचा आवाज नारायण पेठेपर्यंत येतो, वारा तिकडून असला तर. आता बोट लावायला कुणाची गरज उरली नाही; नवा माणूस प्रामाणिकपणे वाटी सोडतो, ती बुडेपर्यंत थांबतो आणि टोला देतो. पहिल्या महिन्यात वडील डोळे मिटून श्वास मोजत बसायचे. टोला आला की म्हणायचे, "लवकर." पुढच्या टोल्याला पुन्हा, "लवकर." मीही म्हणायचो, की हो, लवकर, आणि हे कुणीतरी सांगितलेच पाहिजे. ते माझ्याकडे पाहायचे आणि पुन्हा मोजायला लागायचे.

पावसाळा संपल्यावर एका दुपारी टोला पडला. मी लिहिता लिहिता थांबलो आणि त्यांच्या शब्दाची वाट पाहिली. वडील उठले, चूळ भरली, हात धुतले आणि आईला म्हणाले, "वेळ झाली. पान वाढ."